वहिनीची काच आणि संपलेलं मीठ

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत आमच्या तोचिकुरा गावच्या एकुलत्या एक दुकानातलं मीठ संपलं, आणि मला राग आला तो गावातल्या बायकांचा. बर्फ पडायच्या आत मुळे खारवायचे असतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण म्हणून एकेकीनं गोणीच्या गोणी उचलायची? माझे मुळे पडवीत दांडीवर सुकून वाकडे झाले होते, पिंपं घासूनपुसून उपडी घातली होती, आणि मीठ नाही.

"बायकांनी नाही हो नेलं, सेत्सु-सान," दुकानदार म्हणाला. "पुरुषमाणसं आली होती. छोट्या ट्रकमधून घेऊन गेली."

"पुरुष कधीपासून लोणची घालायला लागले?"

तो नुसताच खांदे उडवून हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण रागात असले की माझं डोकं चालत नाही. मी पिशवी उचलली आणि वरच्या वळणावर माझ्या भावाच्या घरी गेले. तोकुजीदादाकडे नाही, पण वहिनीकडे मीठ नक्की असणार असं मला वाटलं.

या वहिनीबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. तिचं नाव याएको. समुद्राकाठची मुलगी. मासे वाळत घालणाऱ्यांच्या घरातून आमच्या डोंगरात आली, तेव्हा आई म्हणाली होती, "हिला वाळलेल्या माशांची सवय, जिवंत मासा हिच्या हातात टिकायचा नाही." आमच्याकडे माशाला जपावं लागतं. आम्ही कोइ वाढवतो. खायला नाही, बघायला. पांढऱ्यावर लाल, लालावर काळा, असे रंग जमून यावेत म्हणून इथली माणसं आयुष्य घालवतात. वडिलांनी घालवलं, दादा घालवतोय.

वहिनीला मात्र घरच्या टाक्यांजवळ फारसं कुणी येऊ दिलं नाही. मग तिनं गावच्या शाळेत काम धरलं. वर्ग झाडायचे, विज्ञानाच्या खोलीतल्या बाटल्या पुसायच्या. पुढे भूकंप झाला, निम्मं गाव खाली शहरात गेलं ते परतलंच नाही आणि शाळेला कुलूप लागलं. सामान वाटून घ्या म्हणून निरोप आला, तेव्हा कुणी घड्याळ नेलं, कुणी पेटी नेली. माझ्या नवऱ्यानं उड्या मारायचा लाकडी घोडा आणला, तो अजून अडगळीत पडलाय. वहिनीनं रजईत गुंडाळून मायक्रोस्कोप आणला. गाव हसलं. मीही हसले, सगळ्यात मोठ्यानं.

तेव्हापासून तिला जे दिसेल ते काचेखाली घालायचं वेड लागलं. कांद्याचा पापुद्रा, तळ्यातलं शेवाळ, दादाच्या दाढीचा केस. एकदा माझ्या मुळ्याच्या पिंपातलं पाणी नेलं आणि त्यात काय काय वळवळतंय ते मला जेवताना ऐकवलं. मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. जिल्ह्याच्या मत्स्यकेंद्रानं माशांच्या रोगांचे वर्ग घेतले, तेव्हा सगळ्या पुरुषांमध्ये ही एकटी बाई जाऊन बसली. दादा म्हणाला, "मासा डोळ्यांनी ओळखायचा असतो. काच कशाला लागते?" ती फार बोलत नाही, हा तिचा गुण म्हणा नाहीतर दोष म्हणा.

तर मी मीठ मागायला गेले. घरात कुणी नव्हतं, म्हणून मागच्या शेडमध्ये डोकावले. आणि पहिलं दिसलं ते मीठच. मिठाच्या रिकाम्या गोण्यांचा ढीग.

नंतर टाकी दिसली. हिवाळ्यासाठी मातीच्या तळ्यांतून नुकतेच शेडमध्ये आणलेले मासे, नळाचं पाणी पडत होतं त्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून गर्दी करून उभे होते. तोंडं पाण्याबाहेर, कल्ले फाकलेले. एखादा मधूनच भिंतीला अंग घासून वळसा मारायचा. आणि तळाशी, सगळ्यांपासून दूर, म्हातारी पडून होती.

म्हातारी म्हणजे दादाची बीजाची मादी. वडिलांच्या वेळची. दादाकडचे सगळे चांगले मासे हिच्या पोटचे. भूकंपात तळी फुटली, रस्ते दरीत गेले, तेव्हा दादानं घरातली एकही वस्तू घेतली नाही. ताडपत्रीत पाणी धरून या एका मासळीला घेऊन तो डोंगर उतरला. ती गेली की मी जाळं खुंटीला टांगणार, असं तो नेहमी म्हणतो. आणि दादा बोलतो ते करतो.

"तोंड बंद ठेव," मागून दादाचा आवाज आला.

"अजून उघडलंय कुठे?"

"उघडशील म्हणून सांगतोय."

त्याची दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते. वहिनी बाजूला बादली धरून उभी होती. मी विचारलं, "दादा, हे 'ते' तर नाही ना?"

आमच्याकडे त्या आजाराचं नाव घेत नाहीत. तो विषाणूचा आजार आहे, त्याला औषध नाही. तो निघाला तर त्या पाण्यातले सगळे मासे मारून पुरावे लागतात, धडधाकट असले तरी. आणि मग अख्ख्या खोऱ्यातला मासा कुणी विकत घेत नाही.

दादा म्हणाला, "मीठ घातलंय. मिठानं उतरेल."

"अहो, किती दिवस मीठच घालताय," वहिनी म्हणाली. "उतरायचं असतं तर आतापर्यंत उतरलं असतं. मला एकदा बघू द्या. एका माशाच्या अंगावरचा चिकटा काढून द्या, बाकी काही नको."

"चिकटा काढला की मासा फिका पडतो. दोन दिवसांवर गिऱ्हाईक आलंय."

"गिऱ्हाईक मेलेला मासा नेणार आहे का?"

दादा रागानं कोपऱ्यात गेला आणि रात्री मेलेला एक मासा उचलून त्यानं तिच्या बादलीत टाकला. "घे. याचं काय खरवडायचं ते खरवड. जित्या माशाला हात लावायचा नाही."

स्वयंपाकघरात खिडकीपाशी तिची काच असते, सोयाच्या बाटल्या आणि चहाच्या डब्यांच्या मधोमध. वहिनीनं माशाच्या अंगावरून काचेची कड फिरवली, कल्ल्याखालचा थोडा चिकटा घेतला, पाण्याचा थेंब टाकला, वरून पातळ काच ठेवली आणि डोळा लावला. दादा दारातच उभा राहिला, टोपी हातात धरून.

तिनं काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. दुसरा थेंब घेतला. तिसरा घेतला.

"काय आहे?" मी म्हटलं.

"काही नाही."

एरवी हे ऐकून माणसाला बरं वाटतं. पण किडा नाही, बुरशी नाही, काही म्हणजे काहीच नाही, याचा अर्थ एकच उरत होता. दादानं टोपी डोक्यावर घातली आणि शेडकडे गेला. जाताना त्याचा हात दाराच्या चौकटीला लागला, तेही त्याला कळलं नाही. मी नेहमीप्रमाणे वहिनीवर घसरले.

"बघितलंस? तुझ्या त्या काचेपेक्षा आमचं मीठ बरं होतं. निदान आशा तरी होती."

ती त्या मेलेल्या माशाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "वन्सं, तुमच्या घरून एक फोन करू देता का?"

मत्स्यकेंद्राला फोन करायचा होता. इथून केला असता तर दादानं फोनच उपटून टाकला असता. त्यांना फोन केला की त्यांची गाडी येते, गाडी आली की सगळं गाव बघतं, आणि मग तुमच्या घरी आजार आहे हे कपाळावर लिहिल्यासारखं होतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी "चल" म्हणाले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा दाराच्या चौकटीला लागलेला तो हात.

फोनवर शिराइ-सान नावाच्या बाई होत्या, वर्ग घेणाऱ्या त्याच. वहिनीनं सगळं सांगितलं. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं, कारण मी कान तिच्या कानाला चिकटवला होता.

"मासा मेला केव्हा?"

"रात्रीतून."

"मग त्यावर काय सापडणार, याएको-सान? मालक गेला की भाडेकरू निघून जातात. जिवंत मासा घ्या, जो सगळ्यात आजारी दिसतो तो. थेंबसुद्धा त्याच टाकीतल्या पाण्याचा. तुम्ही नळाचा घेतलात ना?"

वहिनीनं कपाळावर हात मारला. "घाबरले होते हो. हे तुम्हीच वर्गात सांगितलं होतं."

"घाबरल्यावर मीही विसरते. आता बघा, आणि उद्या सकाळी मी येतेच. किडे सापडले तरी विषाणूची तपासणी करावी लागेल, दोन्ही एकदम असू शकतं. सापडले तर कसले ते मला कळवा, म्हणजे औषध घेऊनच निघेन. तोपर्यंत एकही मासा, एकही बादली, जाळंबिळं काही बाहेर जाऊ देऊ नका."

जाळं म्हटल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. आमच्या वस्तीत तळी उपसायचं मोठं जाळं एकच आहे. आज तुमच्या तळ्यावर सगळी घरं येतात, उद्या तेच ओलं जाळं आणि त्याच रबरी विजारी घेऊन सगळे पुढच्या तळ्यावर. कुणी कुणाला मजुरी देत नाही; जेवण घालतात, साके पाजतात, झालं. वाडवडिलांपासून असंच. दादाच्या तळ्यावरून ते पुढे गेलं होतं, आणि उद्या सकाळी पाळी होती योहाचीच्या खालच्या तळ्याची. योहाची म्हणजे दादाचा शाळेपासूनचा मित्र आणि शाळेपासूनचा शत्रू. माशांच्या प्रदर्शनात दोघं एकमेकांच्या टाकीकडे न बघितल्यासारखं करून बघतात.

दादाला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं. तो ओरडेल म्हणून मीही ओरडायच्या तयारीत होते, पण तो टाकीच्या काठावर बसलेला होता आणि उठलासुद्धा नाही.

"केलात फोन," तो म्हणाला. "आता काय उरलं."

"उरली आहे ना ती, तळाशी," वहिनी म्हणाली. "तिलाच बघायचंय. सगळ्यात आजारी तीच आहे."

दादा बाह्या वर करत म्हणाला, "म्हातारीला दुसरं कुणी धरायचं नाही. मी धरतो."

त्यानं तिला टबात घेतलं, टाकीचंच पाणी होतं त्यात. ओला रुमाल तिच्या डोळ्यांवर टाकला. ती धडपडलीसुद्धा नाही, एवढी थकली होती. वहिनीनं काचेच्या कडेनं परांमागचा चिकटा अलगद घेतला, मग दादानं अंगठ्यानं कल्ल्याचं झाकण उचललं आणि तिनं आतून कणभर घेतलं. दादा त्या मासळीला "झालं, झालं, झालं" म्हणत होता, ताप आलेल्या पोराला म्हणतात तसं. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

स्वयंपाकघरात वहिनीनं डोळा लावला, आणि लगेच तिची पाठ ताठ झाली.

"आहेत."

"काय आहेत?"

"अगंबाई, केवढे! कल्ल्यातले किडे आहेत. बघा, बघा, वन्सं."

मी बघितलं तर मला काळी लव दिसली. ती माझीच पापणी निघाली. मग तिनं माझं डोकं धरून सरळ केलं, आणि मला तो दिसला. जळवेसारखा लांब व्हायचा, आखडायचा, एका टोकाला आकडे रोवून दुसरं टोक पाण्यात चाचपडत फिरवायचा. त्या टोकावर चार काळे ठिपके होते. ते त्याचे डोळे, वहिनी म्हणाली. आकडे रोवून हे कल्ल्यात बसतात, मग माशाला श्वास घेता येत नाही. मिठाला ते भीक घालत नाहीत. पण त्यांच्यावर औषध आहे.

"औषध आहे?" दादानं विचारलं.

"आहे. फक्त दोनदा द्यावं लागतं. मोठे मरतात, पण त्यांची अंडी मरत नाहीत. ती फुटली की पुन्हा."

दादा पुढे आला. ज्या काचेला त्यानं इतकी वर्षं नावं ठेवली, तिच्यावर वाकला. पहिल्यांदा चुकीचा डोळा मिटला, मग बरोबरचा.

"हा?" तो म्हणाला. "हा एवढासा? या भिकारड्यानं मला आठवडाभर झोपू दिलं नाही?"

आणि हसला. मला वाटलं त्याला काहीतरी झालं, इतका हसला. वहिनीनं त्याला आठवण करून दिली की तपासणी अजून व्हायची आहे, 'ते' सुद्धा असू शकतं. तो म्हणाला, "असू दे. पण हा तरी सापडला ना. याला तरी नाव आहे." रात्री तो पोटभर जेवला, आणि वहिनी किडे कसले ते कळवायला माझ्या घरी फोनवर गेली म्हणून भांडी मीच घासली.

जाळ्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. मी म्हटलं, जाळ्याला भोक पडलंय म्हणून सांग. वहिनी म्हणाली, ते भोक लगेच शिवतील. दादा उठून टाकीकडे गेला.

सकाळी योहाचीच्या तळ्यावर सगळे जमले होते. धुकं होतं, पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं होतं, चिखलात माशांच्या पाठी दिसत होत्या. जाळं उलगडायला घेतलं होतं. दादा बांधावर गेला आणि टोपी काढून उभा राहिला.

"जाळं टाकू नका. माझे मासे आजारी आहेत. हे जाळं माझ्या तळ्यातून आलंय."

खाली योहाची जाळ्याची दोरी हातात घेऊन उभा होता. मला वाटलं, आता हा काहीतरी लागट बोलणार आणि दादा इथेच तळ्यात उतरून त्याच्या गळ्याला धरणार.

योहाची म्हणाला, "कल्ले फाकलेत का?"

"फाकलेत."

"नळाखाली गर्दी करतात?"

"करतात. तुला काय माहीत?"

योहाचीनं दोरी खाली टाकली. "माझ्या वरच्या तळ्यातले काढले ना आपण, तुझ्या आधी. ते तसेच उभे आहेत. तुझ्या तळ्यातून नाही आलं रे. माझ्याकडून तुझ्याकडे आलं असेल. मीठ घालून घालून माझे हात फुटले."

मग तिसरा एकजण खाकरला. चौथ्यानं मान खाली घातली. एकेक करून सगळे बोलायला लागले. कुणाचे पाच मेले होते, कुणाचे दहा, कुणी शेडला आतून कडी लावून बसला होता, कुणी बायकोलाही सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की आजार एकट्याच्याच घरी आलाय. आणि सगळे रोज हसतमुखानं एकमेकांच्या तळ्यांवर जाळं ओढत होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे माझ्या मुळ्यांचं मीठ," मी बांधावरून ओरडले, "तुम्ही मेल्यांनी माशांना घातलंत?"

आधी योहाची हसला, मग सगळेच. चिखलात उभे राहून, पोट धरधरून. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, ते सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं. योहाचीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. दादा खाली उतरला, आणि त्या दोघांनी मिळून ते जाळं उचलून बांधावर वाळत घातलं.

शिराइ-सान औषध घेऊन आल्या तेव्हा वहिनीच्या दारात बादल्यांची रांग लागली होती. प्रत्येकात एकेक मासा, आपापल्या पाण्यासकट. एकानं मेलेला आणला होता, त्याला वहिनीनं असं झापलं की मला माझ्या सासूची आठवण झाली. दोघी खिडकीपाशी शेजारी शेजारी बसून बघत होत्या, एकमेकींना दाखवत होत्या. शिराइ-साननी कल्ल्यांचे नमुने बाटल्यांत भरून नेले आणि टाक्यांतलं पाणी मोजून औषध किती घालायचं ते प्रत्येकाला लिहून दिलं. हवेचे पंप रात्रंदिवस चालू ठेवायला सांगितलं.

तपासणीचा निकाल यायचा होता त्या दिवसांत गाव हळू आवाजात बोलत होतं. निकाल आला, तो फोन माझ्याच घरी आला, कारण वहिनीनं माझाच नंबर दिला होता. विषाणू नाही. एकाही घरात नाही. मी चपला न घालता वरच्या वळणापर्यंत पळत गेले. या वयात. दादाला सांगितलं तर तो "हं" म्हणाला आणि शेडच्या मागे गेला. थोड्या वेळानं नाक शिंकरल्याचा आवाज आला. आम्ही दोघींनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

दुसऱ्यांदा औषध दिलं तेव्हा पहिलं बर्फ पडून गेलं होतं. म्हातारी आता तळाशी नव्हती. तिला परत बघायचं ठरलं. या वेळी टबात धरताना तिनं शेपटीचा असा फटका मारला की दादा नखशिखांत भिजला, आणि भिजल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वहिनी काचेपाशी बसली. दारात दादा, त्याच्यामागे योहाची, मागे आणखी निम्मी वस्ती. सगळ्यांनी आपापलं उरलेलं मीठ माझ्यासाठी आणलं होतं. माझ्या पडवीत अजून इतकं मीठ आहे की माझे नातू मुळे खारवतील. चुलीवरची किटली कुणीतरी उचलून खाली ठेवली, आवाज नको म्हणून.

तिनं काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. दुसरा थेंब घेतला. तिसरा घेतला. मग डोळा काढला आणि दादाकडे बघितलं.

"काही नाही," ती म्हणाली.

दादा तिथेच उंबऱ्यावर बसला. ओल्या कपड्यांनी, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. जरा वेळानं म्हणाला, "याएको, आणखी एकदा सांग."

"काही नाही हो. काहीसुद्धा नाही."